प्रत्येक गावाचे तीन फोटो

मामा उडवण्याचा किस्सा मी आजवर शंभरदा तरी सांगितला असेल. लग्नात, बारशात, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत. लोक हसतात, "अजून एक होऊन जाऊ द्या सर" म्हणतात आणि मी चहा संपवून उठतो. कारण त्याच्या पुढचा किस्सा मला सांगायचा नसतो. या अंकाचे संपादक तीन दिवाळ्या माझ्या मागे आहेत, फोटो लॅबमधल्या गमती लिहा म्हणून. दोनदा मी तब्येतीचं कारण दिलं. तब्येत ठणठणीत होती. यंदा बसलो आहे, पण सकाळपासून चार वेळा उठून झालं. एकदा तर नळाला पाणी आलं का ते बघायला गेलो, आणि आज आमच्या गल्लीत पाण्याचा दिवसच नाही.

असो. आधी मामा.

मी मूळचा टायपिंग शिकवणारा. परभणीत माझी बारा यंत्रांची इन्स्टिट्यूट होती. कॉम्प्युटर आले, यंत्रं भंगारात गेली आणि पंचेचाळिशी उलटल्यावर मी एका फोटो लॅबमध्ये कामाला लागलो. मालकाला सगळे भाऊ म्हणत. जिल्हाभरचे फोटोग्राफर लग्नाचे, बारशाचे, जावळाचे फोटो कार्डात भरून आणायचे. एकेका दिवसाला हजारो फोटो. ते गावागावाच्या फोल्डरमध्ये लावायचे, छापून झालेले बाजूला हलवायचे, दोनदा उतरलेले पुसायचे. पोरं हे एकेक फोटो माऊसनं ओढून करत. मला ते बघवायचं नाही. मी नोटपॅडमध्ये चार ओळी लिहून ठेवायचो आणि त्या चार ओळी तासाभराचं काम चहा गार व्हायच्या आत करायच्या. याला बॅच फाइल म्हणतात, आजकाल स्क्रिप्ट म्हणतात.

त्यातली सगळी जादू एका चांदणीत असते, म्हणजे स्टारच्या खुणेत. नावातला जो भाग काहीही असला तरी चालेल, तिथं चांदणी टाकायची. 'पालम' आणि पुढे चांदणी असं लिहून हलवायचा हुकूम दिला, की पालमपासून सुरू होणाऱ्या सगळ्या फायली रांगेनं उठून सांगितल्या जागी जाऊन बसतात. उलट शेवटचं अक्षर ठरवून आधी चांदणी टाकली, की त्या अक्षरावर संपणाऱ्या सगळ्या. हे बघायला लोक खुर्चीमागे उभे राहत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

तर एका मुलीचे वडील लग्नाचे फोटो ठरवायला आले. अंगात खादीचा सदरा, चेहरा तापलेला.

"सर, तुमी ते स्टार लावून पाहिजे ते उडवता म्हणं?"

"हो."

"मग आमच्या पोरीचा मामा उडवा. मानपानावरून भर मांडवातून उठून गेला. एकाबी फोटूत दिसाया न्हाई पाहिजे."

मी म्हणालो, "अहो, स्टारला फक्त नाव कळतं. तोंड कळत नाही."

"मग नाव सांगायलो की! घ्या लिहून. ज्ञानोबा."

लॅब हसून लोटपोट झाली. ते मात्र दोन दिवस रागावून होते, सर मुद्दाम मामाची बाजू घ्यायलाय म्हणून.

स्टारला फक्त नाव कळतं. हे वाक्य मी त्या दिवशी किती ऐटीत बोललो होतो!

दुसरा किस्सा पोखर्णीचा. तिथल्या नरसिंहाच्या देवळात एका रविवारी जावळं होती. दोन फोटोग्राफर, कॅमेरे एकाच कंपनीचे, आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटोंना नंबर दिले तेच, एकपासून पुढे. मी दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये उतरवली. त्याच नावाची फाइल आली तर जुनीवर नवी टाक, विचारत बसू नको, असा माझ्या चार ओळींना हुकूम होता. परिणाम असा, की एका घरच्या अल्बममध्ये अर्ध्यावर दुसऱ्याच घरचं लेकरू. त्या घरची आजी अल्बम घेऊन आली. मी माफी मागितली. हो, तेव्हा मला ती पटकन मागता आली. आजी म्हणाली, "लेकरू आमचं न्हाई, पण लय गोड हाय. ऱ्हाऊ द्या त्येबी."

त्या दिवसापासून मी लॅबचा नेम बदलला. प्रत्येक फोटोला लांबलचक नाव: गाव, घराणं, वर्ष, नंबर आणि शेवटी फोटोग्राफरच्या नावाचं एक अक्षर. नंबरानं नाव संपायचंच नाही, अक्षरानंच संपायचं. आता कोणाचा फोटो कोणावर पडण्याची सोय उरली नव्हती. भाऊंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. पुढचं सगळं या लांब नावांमुळे झालं, पण ते मला कळायला बराच काळ जायचा होता.

आता माणिक.

माणिक पालमजवळच्या एका गावचा. तिशीचा, कोरडवाहू शेती, घरी आई आणि बायको. भाऊंचा कॅमेरा घेऊन मोटारसायकलवर गावोगाव फिरायचा. लग्नाचे फोटो सगळेच काढत. माणिकनं एक वेगळंच काम सुरू केलं होतं. दसरा झाला की आमच्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या हिशेबात एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोणपाट, लहान लेकरं. म्हातारी माणसं मागे राहतात. निघायच्या दिवशी माणिक त्या गावात जायचा आणि प्रत्येक घराचा एक फोटो काढायचा. जाणारे आणि राहणारे, एकत्र. कारण सहा महिन्यांनी परत येईस्तोवर म्हातारं माणूस असेलच असं नसतं. नसलं, की ते लोक लॅबमध्ये यायचे आणि म्हणायचे, एवढी आमची माय काढून द्या, मोठी करून. कितीतरी घरांत म्हातारीचा आयुष्यातला तो एकच फोटो असायचा.

सहा हंगाम त्यानं हे केलं. साठेक गावांची साठेक फोल्डरं. फोटोच्या नावाचं शेवटचं अक्षर सगळीकडे एकच, माणिकचं.

त्या वर्षी माणिकनं पालमला स्वतःचा स्टुडिओ टाकायचं ठरवलं. भाऊंना ते झोंबलं. माणिक माझ्याकडे आला.

"सर, माझ्या गावायच्या फोटूची एक नक्कल द्या की डीव्हीडीवर. भाऊला इचारलं, तर म्हणाले बघू."

"भाऊ बघू म्हणाले ना? मग देतो नंतर. कार्डं साचलीत रे."

"पोरायच्या मायी हायत त्यात, सर. मला काय धंद्याला नकोत."

"नंतर देतो म्हटलं ना!"

त्यानंतर तो थोडा वेळ माझ्याच कॉम्प्युटरवर ते फोटो बघत बसला आणि गेला. बसलेला सगळ्यांनी पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. दोनला वीज जायची होती, भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं होतं. पावणेदोन वाजले होते. डिस्क भरत आली होती आणि भाऊ जागा करा म्हणून ओरडत होते. माणिकच्या फोल्डरांत दोनदा उतरलेले फोटो पुष्कळ होते. आमच्याकडचं सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा उतरलेल्या फोटोच्या नावाच्या शेवटी एक हा आकडा लावायचं. मूळ फोटोंची नावं अक्षरावर संपणारी. म्हणजे ज्यांच्या शेवटी एक, ते सगळे जादाचे. हुकूम सोपा होता: चांदणी, मग एक, मग टिंब आणि जेपीजी. सगळ्या फोल्डरांत शिर आणि पुस.

मी मुलांना एक नेम शिकवायचो. 'आधी डिर, मग डेल.' डिर म्हणजे यादी दाखव, डेल म्हणजे पुस. पुसायच्या आधी तीच चांदणी लावून यादी काढायची, डोळ्यांनी बघायची, मगच पुसायचं. कारण डेलनं गेलेली फाइल कचऱ्याच्या डब्यातसुद्धा जात नाही. सरळ जाते. हा नेम मी पुठ्ठ्यावर लिहून टांगला होता. त्या दिवशी तो माझ्या डोक्यावर टांगलेला होता आणि मी डिर केलं नाही. दोनला दहा कमी होते.

हुकूम दिला. काळ्या पडद्यावर नावं सरसर वर गेली. जरा जास्तच वेळ गेली, असं मला वाटलं. वाटलं, हे मी लिहितोच. मग वीज गेली आणि मी डबा उघडून पोळी खाल्ली. संध्याकाळी माझीच दुसरी बॅच फाइल चालली. एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं तिचं काम. इकडे जे नाही ते तिकडेही ठेवायचं नाही, इतकी हुबेहूब.

आठवड्यानं रुक्मिण आली. पालमकडचीच बाई, चाळिशीची, उसाच्या फडावरून मधेच परत आलेली. आई वारली होती.

"परवा दहावा हाय, सर. मायचा फोटू मोठा करून द्या. माणिकनं काढलेला. निघायच्या दिशी."

मी फोल्डर उघडलं. त्यात शे-दोनशे फोटो असायला हवे होते. तीन होते.

दुसऱ्या गावाचं उघडलं. तीन. तिसऱ्याचं. तीन. मी भाऊंना हाक मारली, आणि हाक मारता मारताच मला एक दिसलं. नंबर दोन, तीन आणि चार राहिले होते. पहिला गेला होता, पाचव्यापासून पुढचे सगळे गेले होते. पुढच्या गावातही दोन, तीन, चार. हातानं पुसणाऱ्या माणसाचं काम इतकं सारखं कधी नसतं. कुठं चार राहतील, कुठं एकही नाही. असं काटेकोर काम हुकूमच करतो. हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं. कसं झालं ते कळलं नव्हतं, पण कोणी केलं ते कळलं होतं.

भाऊंनी मात्र उलट अर्थ लावला. "बघा सर, निवडून निवडून तीन-तीन ठेवलेत. मला खिजवायला. इथंच बसला होता ना त्या दिवशी?"

माणिकला फोन करून बोलावलं. तो पालमहून मिळेल त्या एसटीनं आला. रुक्मिण बाकावर बसून होती. लॅबमधले सगळे उभे.

"भाऊ, मी कशाला पुसतो? मीच काढलेत न्हवं? नक्कल मागायलो होतो मी."

"नक्कल घेतलीस आणि इथलं साफ केलंस. स्वतःचा धंदा काढायचाय ना तुला?"

"नक्कल असंल तर माझ्या घराची झडती घ्या! सर, तुमी सांगा की भाऊला. मशीनमधलं मला काय कळतंय? तुमच्या त्या स्टारनं गेलं असंल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "माझ्या बॅच फायलीनं फक्त शेवटी एक असलेल्या फायली जातात. हे फोटो शेवटी एक असलेले नाहीत."

मी खोटं बोललो नाही. माझ्या माहितीप्रमाणे ते अक्षरशः खरं होतं. पण मी आठवड्यापूर्वी त्याच फोल्डरांवर तो हुकूम चालवला होता, न बघता चालवला होता, हे मी बोललो नाही. आणि हाताचं काम इतकं सारखं नसतं, हेही नाही. माणिक माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत संशय नव्हता. सर म्हणतात म्हणजे तसंच असेल, असं काहीतरी होतं. ते जास्त वाईट होतं.

गेलेले फोटो परत मिळतात का, हे आम्ही नांदेडच्या एकाकडून बघून घेतलं. मधल्या आठवड्यात लग्नसराईचे फोटो त्याच जागेवर उतरले होते. काही मिळालं नाही.

रुक्मिणनं मला ते तीन फोटो पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवायला लावले. तिसरा शेजारच्या घराचा होता. त्याच्या अगदी कडेला एक हिरवा पदर आणि चुड्याचा हात, कोणाच्या तरी डोक्यावर ठेवलेला. "ह्यो मायचा हात हाय," ती म्हणाली. "शेजारच्या लेकराला निरोप द्यायलीय. एवढंच मोठं करून द्या." मी करून दिलं. दहाव्याला त्या घरात एका हाताच्या फोटोला हार घातला गेला असेल.

गावोगाव बातमी गेली, माणिकनं भांडणापायी लोकांच्या मायी पुसल्या. ज्या दारांत त्याला चहा मिळायचा तिथं त्याला कोणी उभं करेना. स्टुडिओ दोन महिनेही चालला नाही. पुढच्या दसऱ्याला माणिक आणि त्याची बायको, दोघं मिळून एक कोयता, ट्रॉलीत बसून गेले. हे मला कोणीतरी लॅबच्या दारात सांगितलं आणि मी म्हणालो, "अरेरे!"

चार वर्षांनी मला खरं कारण सापडलं. जुन्या कॉम्प्युटरवर मी कसलीशी यादी काढत होतो. डिरच्या हुकुमाला एक जादा खूण लावली तर आणखी काय दिसतं, ते सहज बघितलं. प्रत्येक फायलीच्या लांब नावाच्या बाजूला दुसरं, आखूड नाव उमटलं. जुन्या काळच्या आठ अक्षरांच्या मर्यादेतलं, मशीननं स्वतःच ठेवलेलं, आपल्याला एरवी कधीच न दिसणारं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव असतं आणि घरी हाक मारायचं दुसरं, तसं. आणि त्या आखूड नावांच्या शेवटी मशीन आकडा लावतं. सारख्या सुरुवातीच्या फायलींपैकी पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. पाचवीपासून नावाची पद्धत बदलते आणि प्रत्येकीच्या शेवटी पुन्हा एकच येतो. चांदणी दोन्ही नावं बघते. दोन्हींपैकी कोणतंही जुळलं तरी फाइल जाते. लहान नावाच्या फायलींना हे दुसरं नाव लागतच नाही. लांब नावं मीच सुरू केली होती.

पडद्यावर दोन, तीन, चार असं दिसत होतं. मी उठून बाहेर गेलो आणि स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत आलो. डिर केलं असतं तर ते सगळे फोटो यादीत दिसले असते. दहा सेकंदांचं काम होतं.

त्या दिवशी तरी भाऊंना सांगायचं! नाही सांगितलं. भाऊ आजारी होते, लॅब बंद होत आली होती, आता काय उपयोग, अशी कारणं होती. भाऊ गेले, तेही माणिकला दोष देतच.

त्यानंतरच्या दसऱ्याला मी पालमची एसटी पकडली. तिथून टमटमनं माणिकच्या गावी. वाटेत वाक्य तयार केलं होतं, तेच तेच म्हणत गेलो, टमटमवाल्यानं दोनदा मागे वळून पाहिलं. माणिकच्या दारात ट्रॉली उभी होती. त्याचे केस पांढरे झाले होते. मला बघून तो धावत आला आणि पाया पडला.

"सर! तुमी इकडं कुठं?"

"असाच आलो."

"बसा. चहा टाक गं! ... लय दिवसांनी आले बघा सर. निघायची घाई हाय, न्हाईतर जेवल्याबिगर सोडलं नसतं."

मी बसलो. चहा प्यालो. वाक्य तोंडात होतं. त्याची आई उंबऱ्यावर बसली होती, मागे राहणारी. माणिकनं तिच्याकडे पाहिलं आणि हसला.

"सर, एक काम करा. इतके लोकायचे काढले, आमचा कुणीच काढला न्हाई. तुमच्या फोनवर काढा की एक."

तो आईशेजारी जाऊन बसला, बायको दुसऱ्या बाजूला. एखादा बिघडला तर, म्हणून मी चार काढले. आई म्हणाली, "कोण हायत रं हे?" माणिक म्हणाला, "माझे सर हायत, माय. कॉम्प्युटरचे."

मुकादमानं हाक मारली. ट्रॉली सुरू झाली. माणिक वर चढता चढता ओरडला, "जपून ठेवा बरं का सर! आमच्या फोनचा काय भरवसा न्हाई."

मी तो फोटो पाच ठिकाणी ठेवला आहे. एक तर छापून पासबुकात. मागच्या उन्हाळ्यात माणिकचा निरोप आला, माय गेली, फोटो असेल तर पाठवा. मी त्याच मिनिटाला पाठवला. त्याचं उत्तर आलं: 'लय चांगला आलाय सर. तुमच्यापाशी होता म्हणून माय ऱ्हायली.'

हा अंक निघेल तेव्हा माणिक फडावर असेल. असले अंक त्याच्या हातात पडत नाहीत, हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच मला इथं लिहिता आलं, हेही लिहून ठेवतो. त्याच्या उत्तराखाली मी तेव्हाच काही ओळी टाइप केल्या होत्या. टायपिंगचा मास्तर मी, पण त्यांना पाऊण तास लागला. अजून तशाच पडून आहेत. पाठवल्या नाहीत आणि पुसवतही नाहीत.

'माणिक, रुक्मिणच्या आईचा फोटो आणि बाकी सगळे तू पुसले नव्हतेस. मी पुसले, न बघता. भाऊंसमोर तू मला विचारलंस तेव्हा मला समजलं होतं. मी गप्प बसलो. मला माफ'